125 सीसीच्या मोटरसायकलवरून थेट 400 घेऊ, की मध्ये 350?

वाईच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देतोय:

"दादा नमस्कार. वय 25, वाईत राहते, शिरवळला कंपनीत क्वालिटीला आहे. दोन वर्षं झाली होंडा शाइन 125 चालवतेय, रोज सुरूर फाट्यावरून हायवे धरून खंबाटकी पार करून शिरवळ आणि परत. रविवारी आई मागे असते, कधी मेणवली कधी पाचगणी. आता जरा मोठी गाडी घ्यायचीय. भाऊ म्हणतो घ्यायची तर केटीएमची 390 ड्यूक घे नाहीतर निदान बजाजची एनएस400, 350 घेऊन पैसे वाया घालवू नको. पप्पा म्हणतात बुलेट. शोरूममध्ये गेले तर माणूस म्हणाला मॅडम तुमच्या उंचीला हे सगळं जड जाईल, स्कूटर दाखवू का. उंची 5 फूट 3 इंच आहे. गाडी, इन्शुरन्स, हेल्मेट-बिल्मेट सगळं धरून अडीच लाखात बसवायचंय. दसऱ्याला घेऊ का? आणि शाइन विकून टाकू का?"

आधी त्या शोरूमवाल्याचं बोलू, कारण ते तुझ्या मनात बसलंय असं पत्रावरून वाटतं. तू आज जी शाइन चालवतेस तिच्या सीटची उंची 791 मिलिमीटर आहे. रॉयल एनफिल्डच्या हंटर 350 च्या सीटची 790 आहे. होंडाच्या हायनेस सीबी350 ची 800, रॉयल एनफिल्डच्याच मिटिअर 350 ची तर 765. म्हणजे पाय टेकण्याचा प्रश्न तू दोन वर्षांपूर्वीच सोडवलायस, रोज सोडवतेस, त्यामुळे उंचीचं कारण देऊन तुला कुणी स्कूटरकडे वळवत असेल तर सरळ दुसऱ्या शोरूमला जा. फक्त एक बघ, मोठ्या गाड्यांचं सीट आणि टाकी रुंद असते त्यामुळे उंची तेवढीच असली तरी मांड्या जास्त फाकतात आणि टाच थोडी उचलली जाते. हे कागदावर कळत नाही, तू रोज जे बूट घालून जातेस तेच घालून बसून बघायचं. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले आणि एक पाय पूर्ण टेकला तरी पुष्कळ आहे.

खरा फरक वजनाचा आहे. शाइन 113-114 किलोची, हंटर आणि हायनेस 181 किलोच्या, क्लासिक आणि आत्ताची बुलेट 195 किलोच्या. हंटर घेतलीस तरी सत्तर किलोच्या आसपास जास्त. चालताना हे वजन जाणवत नाही, उलट हायवेला ट्रक बाजूनं गेला की गाडी कमी हलते म्हणून बरंच वाटतं. वजन जाणवतं ते थांबल्यावर. पार्किंगमध्ये उतारावरून मागे ढकलताना, सिग्नलला एका बाजूला कललेल्या रस्त्यावर पाय टाकताना, खडीवर यू-टर्न घेताना आणि मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली असताना. नव्या माणसाची मोठी गाडी पडते ती बहुतेक वेळा अशीच, शून्य ते पाच किलोमीटरच्या स्पीडला. आणि त्या प्रत्येक ठिकाणी ताकद कमी पडते असं नसतं, नजर खाली चाकाकडे गेलेली असते किंवा हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला जातो, त्यामुळे गाडी क्षणात कलते. हँडल सरळ करून मगच पुढचा ब्रेक, आणि हळू स्पीडला मागचा ब्रेक हलका धरून क्लच अर्धा. एवढं एक अंगात मुरलं तर 181 किलो तुला जड नाही.

पडलीच तर उचलायची कशी तेही घेण्याआधी माहीत असू दे. आधी इंजिन बंद. उजव्या बाजूला पडलेली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेव आणि गिअरमध्ये टाक म्हणजे घरंगळणार नाही. मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळव, सीटला पाठ लाव, एक हात हँडलला एक मागच्या ग्रॅब रेलला, आणि पाठ न वाकवता पायांनी छोटी छोटी पावलं मागे टाकत उभी कर. हातांनी खेचायला गेलीस तर कंबर धरेल. मित्राची किंवा ओळखीच्या गॅरेजवाल्याची जुनी बुलेट मिळाली तर गवतावर आडवी करून एकदा करून बघ, मग भीती निम्म्यानं जाते.

आता भावाचं म्हणणं. तो चुकीच्या गाड्या सांगत नाहीये, 390 ड्यूक जबरदस्त गाडी आहे, चाकणला बनते आणि जगभर जाते. पण आकडे शेजारी शेजारी ठेवून बघ. तुझी शाइन साडेदहा-पावणेअकरा पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप). रॉयल एनफिल्डची 350 वीस पीएसच्या आसपास. ट्रायम्फ स्पीड 400 आणि एनएस400 चाळीस किंवा त्याहून थोडं वर. ड्यूक 46. म्हणजे 350 ला दुप्पट आणि भावाच्या गाड्यांना चौपट. आणि गंमत अशी की 350 ची दुप्पट ताकद ही जास्त वजनात वाटली जाते त्यामुळे प्रत्यक्षात ती शाइनपेक्षा थोडीशीच चपळ वाटते, पण ड्यूक 168 किलोच आहे, तिथे वजनाच्या मानानं ताकद शाइनच्या जवळजवळ तिप्पट होते. शाइनवर तू ओव्हरटेक करताना मूठ पूर्ण पिळतेस, दोन वर्षांची सवय आहे ती, मनगटाला आता विचारही करावा लागत नाही. तीच सवय घेऊन ड्यूकवर बसलीस आणि खंबाटकीच्या वळणावर पुढचा ट्रक हळू झाला म्हणून तशीच मूठ पिळलीस तर काय होईल ते मला लिहायचीसुद्धा इच्छा नाही. मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, राइड मोड सगळं आहे त्या गाडीला, पण मनगट तुझंच.

आपल्याकडे लायसन्स एकच, गिअरची मोटरसायकल, शंभर सीसीवर टेस्ट दिली की हजार सीसी चालवायला कायद्यानं मोकळी. युरोपात मध्ये पायऱ्या आहेत, 125 च्या लायसन्सनंतर 35 किलोवॅटपर्यंतचं मधलं लायसन्स, त्यावर दोन वर्षं काढली की पुढचं. ड्यूक 390 त्या मधल्या पायरीतच बसते. त्यामुळे कुणी म्हणेल की बघा तिकडे पण 125 वरून 390 वर जातात. जातात, पण दरम्यान त्यांना मोठ्या गाडीवर ब्रेकिंगची, वळणांची, हळू चालवण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते नाहीतर प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे ती परीक्षा कुणी घेत नाही म्हणून ती आपली आपणच घ्यायची, आणि ती 20 पीएसवर देणं 46 पीएसवर देण्यापेक्षा खूप सोपं आहे.

आणि तुझ्या रस्त्यांवर चाळीस पीएस लागतात कुठे हा पण विचार कर. चार पदरी हायवेला मोटरसायकलची कायदेशीर मर्यादा 80 आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. राहतात ते आपले हायवे आणि घाट, आणि तिथे 60 वरून 80 ला पटकन जाऊन ट्रक मागे टाकता आला पाहिजे, चढावर मागे माणूस असताना तिसऱ्या गिअरला गाडी रडता कामा नये. हे काम टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, करतो. शाइनचा टॉर्क 11 न्यूटन मीटर, तोही सहा हजार आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), म्हणून आई मागे असताना पसरणीचा घाट चढताना तुला सारखा दुसरा टाकावा लागत असणार. रॉयल एनफिल्ड 350 चा 27, आणि तो चार हजारालाच मिळतो. हायनेसचा 30 आहे, आणखी खाली मिळतो. पहिल्यांदा त्या घाटात तिसऱ्यावर सरळ चढून जाशील ना तेव्हा तुला कळेल की तू नक्की काय विकत घेतलंय. ड्यूकचं इंजिन खालच्या आरपीएमला तेवढं खूश नसतं, वाईच्या बाजारातून नदीवरच्या गणपती घाटाकडे जाताना दुसऱ्या-तिसऱ्यात रेंगाळायला लागलीस तर ते कुरकुरतं, त्याला फिरवत ठेवावं लागतं आणि ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा फॅन चालू झाला की गरम हवा पायावर येते. रोजच्या कामाच्या गाडीत हे दिवसातून दोनदा सहन करायचंय.

350 च्या मर्यादा पण लपवत नाही. शंभरच्या पुढे यांना धाप लागते, एकशे दहाला हात-पाय थरथरायला लागतात, रोज दोन-अडीचशे किलोमीटर हायवे मारणाऱ्याला मी हा सल्ला दिला नसता, त्याला स्पीड 400 नाहीतर हिमालयन 450 बघ म्हणालो असतो. स्पीड 400 बद्दल तर वजनाची तक्रारही करता येत नाही, ती हंटरपेक्षा जड नाही. दोन वर्षांनी तुला वाटलं की 350 कमी पडते तर तिच्याकडे जा, तोपर्यंत ब्रेक आणि वळणं हाताला बसलेली असतील.

पैशाचं गणित करू, कारण इथे 350 ची रेष फारच महत्त्वाची झालीय. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि 350 च्या वरच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. पुढे इन्शुरन्स. नव्या गाडीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, 2022 ला ठरलेल्या दरांप्रमाणे 150 ते 350 सीसीला तो 7,365 रुपये आणि 350 च्या वर 15,117, त्यावर जीएसटी वेगळा. म्हणजे गाडी हलायच्या आधीच फरक पडायला लागतो. 390 ड्यूक ऑन-रोड तीन लाखाच्या बरीच वर जाते, तुझ्या बजेटमध्ये ती बसतच नाही. एनएस400 कशीबशी बसेल पण मग हेल्मेटला पैसे उरणार नाहीत. हंटर दीड लाखाच्या अलीकडे-पलीकडे एक्स-शोरूम आहे, व्हेरियंटप्रमाणे, ऑन-रोड दोनच्या आसपास धर. चाळीस-पन्नास हजार हातात राहतात आणि ते राहायलाच हवेत, ते कशाला ते पुढे सांगतो. टायरचा पण विचार कर, ड्यूक-स्पीडला मागे 150 चं रुंद रेडियल टायर असतं, बदलायची वेळ आली की शाइनच्या टायरची किंमत आठवून डोळे पांढरे होतात.

पप्पांची बुलेट. त्यांच्या डोक्यात जुनी गाडी असणार, उजव्या पायात गिअर, किक मारताना उलटा झटका, ऑइल गळणारं कास्ट आयर्न इंजिन. आत्ताची बुलेट आणि क्लासिक तशा राहिलेल्या नाहीत, 2020 ला मिटिअरमध्ये जे नवीन इंजिन आलं तेच आता सगळ्या 350 मध्ये आहे, खूप मऊ चालतं आणि त्रासही कमी देतं. पण 195 किलो आणि 805 चं सीट ही जोडी तुला पहिल्या मोठ्या गाडीसाठी कशाला हवीय? इंजिन हंटरमध्येही तेच आहे, वजन चौदा किलो कमी, चाकं 17 इंची त्यामुळे गर्दीत पटकन वळते. पप्पांना हे सांग, रॉयल एनफिल्डच घेतेय म्हटल्यावर घरचा निम्मा वाद मिटेल.

म्हणून माझ्या मते दोनच गाड्या बघ, हंटर 350 आणि हायनेस सीबी350. हायनेसचं क्लच हाताला खूप हलकं आहे, सीट एकसंध आणि लांब, मागच्या माणसासाठी नक्कीच जास्त आरामाचं. पण ती होंडाच्या मोठ्या गाड्यांच्या बिगविंग शोरूममध्येच मिळते आणि बिगविंग मोजक्या शहरांत आहे, सर्व्हिसला दर वेळी रजा टाकून सातारा-पुणे करावं लागणार असेल तर ते आधीच विचारून घे. हंटर घेणार असशील तर एप्रिल 2025 नंतरचीच बघ, त्यात स्लिप-असिस्ट क्लच (हाताला हलका पडणारा) आलाय आणि मागचं सस्पेन्शन बदललंय, आधीची खड्ड्यात मागच्याला चांगलीच आपटायची. आणि एक, सगळ्यात स्वस्त व्हेरियंट घेऊ नको, त्यात मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला असं असू शकतं. दोन्ही चाकांना एबीएस आहे का हे विचारून, कोटेशनवर लिहून घे. रंगासाठी पैसे वाढवू नको, याच्यासाठी वाढव.

टेस्ट राइडला आईला घेऊन जा. खरंच. आई साडी नेसून एका बाजूला बसत असेल तर तशीच बसू दे. हंटरचं मागचं सीट आखूड आहे, तिथे आईला पाय ठेवायला नीट जागा मिळते का, साडी गार्ड आणि धरायचं हँडल हाताशी येतं का, ती बसताना-उतरताना गाडी तुझ्याच्यानं सरळ राहते का, हे शोरूमच्या बाहेर पाच मिनिटांत कळेल. आई म्हणाली मला नाही जमणार, तर तो मुद्दा हायनेसच्या बाजूनं मोठा आहे आणि मी हायनेस घे म्हणेन. स्वतः चालवताना फक्त सरळ रस्त्यावर पळवून परत येऊ नको. पहिल्या गिअरला मूठ न पिळता नुसता क्लच सोडून गाडी हळू चालवून बघ, छोट्या जागेत डावा आणि उजवा दोन्ही यू-टर्न घे, तिसऱ्या गिअरला तिशीत चालव, आणि उतरून ती दहा पावलं मागे ढकल. लिव्हर बोटांना लांब पडतात का तेही बघ, हात लहान असेल तर शिरवळहून येता येता घाटाच्या रांगेत पंजा दुखतो.

आता ब्रेक, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण शाइनवरून येणाऱ्यांचं इथे सगळ्यात जास्त चुकतं. शाइनला सीबीएस आहे. म्हणजे तू पायाचा ब्रेक दाबतेस तेव्हा मागच्याबरोबर पुढचा पण थोडा लागतो, तुझ्या नकळत. दोन वर्षं तू पायानं थांबतेयस आणि गाडी व्यवस्थित थांबतेय. नव्या गाडीला एबीएस असेल, सीबीएस नसेल. पायाचा ब्रेक म्हणजे फक्त मागचं चाक. तोच पाय त्याच जोरात दाबलास तर गाडी थांबायला कितीतरी जास्त रस्ता खाईल, कारण ब्रेक लावला की सगळं वजन पुढे येतं आणि मागचं चाक हलकं होतं, त्याच्यात थांबवायची ताकदच राहत नाही. बहुतेक काम पुढच्या ब्रेकचं आहे. आणि पुढचा ब्रेक लावला की माणूस तोंडावर पडतो ही लहानपणी सायकलवर बसलेली भीती आपल्या सगळ्यांच्या हातात असते, ती मुद्दाम काढावी लागते.

कशी काढायची ते सांगतो. रविवारी सकाळी एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात, तिथे जा, कुणाला तरी बरोबर घे. तीसच्या स्पीडला पुढचा ब्रेक दोन बोटांनी आधी हलका धर, पुढचं सस्पेन्शन दबलेलं जाणवू दे, मग जोर वाढव. एकदम आवळायचा नाही, पिळत जायचं. सोबत मागचा हलका. मग चाळीस, मग पन्नास. थांबायला किती रस्ता लागतो ते खडूनं खूण करून बघ, ती खूण हळूहळू अलीकडे येत गेलेली बघण्यात मजा पण आहे. मग एकदा मागचा ब्रेक मुद्दाम जोरात दाबून एबीएस कसा वाटतो ते बघ, पायाखाली टक-टक-टक असे धक्के येतात, पहिल्यांदा आले की लोक घाबरून ब्रेक सोडतात. सोडायचा नाही, दाबून ठेवायचा, गाडीचं काम गाडी करतेय. आणि एबीएस आहे म्हणून कलंडलेल्या गाडीला वळणात कचकन ब्रेक लावता येतो असं अजिबात नाही, या गाड्यांचा एबीएस सरळ रेषेतला आहे. घाटात ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, गिअर आधी टाकायचा, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. पसरणी उतरताना तिसरा-दुसरा ठेव, इंजिनच गाडी रोखून धरेल, नाहीतर पाचव्यावर नुसता ब्रेक घासत आलीस तर खाली येईपर्यंत तो तापून ढिला पडलेला असतो.

ते उरलेले चाळीस-पन्नास हजार. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, आयएसआय म्हणजे आयएस 4151 चा शिक्का असलेलं, स्वतः दुकानात जाऊन डोक्यात घालून दहा मिनिटं तसंच बसून घे, ऑनलाइन मागवू नको. गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळ दुखता कामा नये. काच पारदर्शक, काळी नको, तुला परत येताना अंधार पडतो. आईला पण तसंच, अर्धं टोपीसारखं नको. मग हातमोजे, कारण पडताना माणूस हातच आधी टेकतो. मग खांदा-कोपर-पाठीत पॅड असलेलं जॅकेट, बायकांच्या मापाचं मागून घे, पुरुषांचं लहान साइझ घेतलं तर पॅड कोपराच्या खाली सरकतात आणि उपयोग शून्य. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, कंपनीतले सेफ्टी शूज असतील तर चालतील, फक्त गिअरखाली पुढचं टोक जातंय ना बघ. आणि ओढणी गाडीवर नकोच, बॅगेत. आईचा पदर पण खोचून. मोठ्या गाडीची चेन उघडी असते आणि ती काहीही आत खेचते, याच्यावर चर्चा नको. लेग गार्ड मात्र घे, पार्किंगमध्ये पडलेल्या गाडीखाली पाय अडकण्यापासून वाचवतो.

कर्जाबद्दल एकच, हप्ता ठरवताना पेट्रोल धरून ठरव. शाइन जे मायलेज देते ते विसर, 350 ला साधारण निम्म्याच्या थोडं वर पडेल आणि तुझा रोजचा रस्ता लहान नाही.

दसऱ्याला घे, हो, वेळ चांगली आहे. पाऊस संपत आलेला असतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडा रस्ता मिळतो शिकायला, पहिला पाऊस लागेपर्यंत गाडी तुझी झालेली असेल. उलट जूनमध्ये घेणाऱ्यांचे हाल होतात, नवीन वजन, नवीन ब्रेक आणि त्यात पांढऱ्या पट्ट्यांवर पाणी. फक्त मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये झुंबड असते, गाडी नीट तपासायला कुणाला वेळ नसतो, म्हणून आदल्या दोन-चार दिवसांत जाऊन चेसिस नंबर जुळव, टायर कधी बनलेत ते बघ, दिवे-हॉर्न-ब्रेक तपास, आणि दसऱ्याला नुसता हार घालून चावी घे. नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात, तेवढं वळणात जपून. कंपनी सांगते त्या किलोमीटरला पहिली सर्व्हिस चुकवू नको आणि तोपर्यंत इंजिन फार पिळू नको, पण एकाच स्पीडला तासभर पण चालवू नको.

आणि दसऱ्यानंतर महिन्याभरात ऊसतोड सुरू होते हे लक्षात ठेव. भुईंजच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या संध्याकाळी हायवेला असणार, त्यातल्या कितीतरींना मागे दिवा नसतो, साधी लाल पट्टीही नसते, आणि उसाची टोकं दोन हात बाहेर आलेली. शाइनवर तू साठनं येत होतीस तोपर्यंत दिसल्यावर थांबायला वेळ होता. नव्या गाडीवर ऐंशी कधी झाले ते कळत नाही कारण आवाजही वाढत नाही आणि हादरेही नाहीत. पहिले दोन महिने अंधार पडल्यावर स्पीडोमीटर बघूनच चालव, अंदाजानं नाही. हेडलाइटच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.

आईला मागे लगेच बसवू नको. आधी तू एकटी, महिनाभर तरी, रोजचा रस्ता, घाट, पार्किंग सगळं. मग आई, आणि पहिल्यांदा मेणवलीपर्यंतच, पाचगणी नंतर. आई बसली की मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन खाचा वाढव, टायरमध्ये हवा डबल सीटची भर, चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) आकडा लिहिलेला असतो.

शाइन विकायची घाई करू नको. एक्स्चेंजमध्ये शोरूमवाला जे देईल ते ऐकून वाईट वाटेल, बाहेर ओळखीत विकलीस तर नक्की जास्त मिळतील, आणि विकशील तेव्हा फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून आरसी समोरच्याच्या नावावर झालेली स्वतः ऑनलाइन बघितल्याशिवाय सोडू नको, नाहीतर त्याची चलनं तुझ्या मोबाइलवर येत राहतील. पण माझं मत असं की मार्चपर्यंत तरी ठेव. नवी गाडी सर्व्हिसला गेली, तुझी तब्येत बरी नाही, भाजी आणायला गल्लीत जायचंय, तेव्हा शाइनच बरी. भावाला पण सांग, तुला एवढी हौस आहे तर रविवारी एमआयडीसीत खडूनं खुणा करायला तू ये माझ्याबरोबर. गाडी घेतलीस की कोणती घेतली आणि आई काय म्हणाली ते नक्की कळव.